थोरलीची पाचवी वेळ

थोरलीच्या मामाकडे म्हणे एक कात्री होती. इतकी धारदार, की तिच्यासमोर कोणी नुसतं 'कापड' म्हटलं तरी अंगावरचा सदरा उभा फाटायचा. म्हणून मामाच्या दुकानात गिऱ्हाइकं खुणेनं बोलायची. आणि माहेरी एक मांजर होती, ती उंदीर पकडला की आधी त्याला विचारायची, घरी कोणाला कळवायचंय का.

लग्न होऊन गादीवाल्यांच्या घरात आली तेव्हा सासूनं विचारलं, "सूनबाई, स्वयंपाक जमतो का?"

"जमतो की, अम्मा. माझ्या हातचं एकदा खाल्लं की माणूस आठवडाभर दुसरं काही खात नाही."

"एवढी चव?"

"नाही हो, धास्तीनं."

सासू हसली नाही. पण रात्री जेवताना पहिला घास तिनं आधी लेकाला घेऊ दिला. असं हे घर, आणि अशी थोरली. तोंडाला कुलूप म्हणून नाही. गल्लीतल्या बायका धुणं टाकून तिच्या थापा ऐकायला यायच्या आणि जाताना म्हणायच्या, "काय बाई खोटारडी आहे!" ते कौतुकानं म्हणायच्या, म्हणून थोरलीला ते आवडायचं. तिथंच तिचं चुकलं.

गादीवाल्यांचं घर म्हणजे खाली दुकान आणि वर दोन खोल्या. खाली कापूस पिंजायचं मशीन धडधडायचं. कापसाचे बारीक तंतू जिन्यानं वर चढायचे आणि सगळ्यांच्या भुवयांवर, चहाच्या कपात, देवाघरी गेलेल्या सासऱ्यांच्या फोटोवर जाऊन बसायचे. थोरला भाऊ मशीन चालवायचा, धाकटा टाके घालायचा. दोघांवर सासू. विधवा झाल्यावर तिनं ते दुकान एकटीनं उभं केलं होतं. सासऱ्यांच्या वेळी एकदा त्यांच्यात आणि त्यांच्या भावात वाटणी झालेली तिनं पाहिली होती. मशीन एकाच्या वाट्याला आलं, रस्त्याकडचं दार दुसऱ्याच्या. मशीनवाला आत बसून राहिला, दारवाला बाहेर बसून राहिला, आणि दोघांच्या चुली थंड. तेव्हापासून तिच्या मनानं एकच घेतलं होतं: हे घर परत चिरायचं नाही.

दोन्ही सुना एकाच सुमाराला पोटुशी राहिल्या. सासूनं एक हात थोरलीच्या पोटावर ठेवला, एक धाकटीच्या, आणि जाहीर केलं, "एकीला मुलगा आणि एकीला मुलगी झाली तर ठरलं. सोयरीक घरातच. दुकान एक, चूल एक."

"आणि दोघींना मुलगेच झाले तर?" थोरलीनं विचारलं.

"तर पुढच्या खेपेला बघू."

"आणि तोवर यांनी पोटातच भांडण काढलं तर?"

धाकटी खो खो हसली. तेव्हा ती हसायची.

थोरलीला मुलगी झाली. गुबगुबीत, गालांत डोळे बुडालेली. नाव काही का असेना, घरात तिला सगळे ढब्बी म्हणायला लागले. आणि मग साथ आली.

गल्लीच्या दोन्ही तोंडांना दोर बांधले गेले. मशिदीचं दार लागलं. बांग व्हायची, पण 'नमाजला या' म्हणायच्या जागी मुअज्जिन 'आपापल्या घरीच पढा' म्हणायचा, आणि तेवढ्या ओळीला म्हाताऱ्याचा आवाज दर वेळी चिरकायचा. आजारी माणसाची गादी लोक रात्रीतून रस्त्यावर टाकून द्यायचे आणि सकाळी पेटवायचे. गादीवाल्यांच्या दुकानासमोरून जाताना माणसं श्वास धरून जायला लागली. मग सरकारी माणसं आली. शाळेचं इस्पितळ केलंय, गाद्या शिवायला हात हवेत म्हणाली. दोन्ही भाऊ दाभण-दोरा घेऊन गेले. एकदा आत गेले ते गेलेच, साथ सरेपर्यंत बाहेर सोडायचं नाही असा हुकूम निघाला. कोणाची तक्रार नव्हती. साथीच्या गावात शिरू नये, आत असलात तर बाहेर पळू नये, हे तर पैगंबरांनीच सांगून ठेवलंय.

धाकटी त्याच इस्पितळात बाळंत झाली. मुलगा. आणि बाळंत होताच तिला ताप भरला.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांपासून पायांपर्यंत गुंडाळलेली एक बाई दोराखालून वाकून गल्लीत आली आणि दारातच उभी राहिली. तिच्या हातात पांढऱ्या कापडात एक काडी होती. काडीच म्हणायची. त्याला पुढं जन्मभर काडीच म्हटलं सगळ्यांनी.

"आईजवळ ठेवता येत नाही," ती बाई म्हणाली. "घरात कोणी पाजणारं आहे?"

"आहे की," थोरली म्हणून गेली.

"पावडरच्या डब्यांची गाडी येणार आहे. येईल तेव्हा पहिला डबा तुमच्याकडे. तोवर सांभाळा."

"याला तर नाही ना काही?"

"अजून तरी नाही," बाई म्हणाली. मास्कच्या आतून तिनं आणखी काही म्हटलं असेल, तर ते मास्कच्या आतच राहिलं.

थोरली काही संत नव्हती. पोरगं हातात घेताना तिच्या मनात आधी आलं ते हे, की हे माझ्या पोरीला मारणार. ढब्बी पलीकडे झोपेत ओठ चोखत होती. थोरलीनं एक क्षण दाराकडे पाहिलं, त्या बाईला हाक मारून परत द्यावं असं. पण ती दोराखालून पार निघून गेलेली. आणि काडी रडायला लागला. इवल्याशा त्या छातीत एवढा आवाज कुठून येत होता कोण जाणे.

मग तिनं ठरवलं. डावी बाजू याची, उजवी ढब्बीची. याला घेण्याआधी गरम पाणी, साबण, वेगळा कुर्ता. याला ठेवल्यावर परत पाणी, परत साबण. बटण काढायला हात गेला आणि सासू म्हणाली, "थांब."

"आता काय?"

"दूध पाजलंस की हा तुझा मुलगा होईल."

"मग होऊ दे."

"म्हणजे ढब्बीचा भाऊ होईल! दूधभाऊ. सोयरीक हराम. डोकं आहे का तुला?"

थोरलीच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. पोर जन्मून दोन दिवस झाले नव्हते आणि तिच्या सासूला त्याचा निकाह दिसत होता.

सासूनं फोन उचलला. आधी लावला मोठ्या मशिदीच्या मौलवींना. ते म्हणाले, एकदा पाजलं तरी नातं लागतं. "हॅलो? हॅलो?" सासू म्हणाली. "लाइन खराब आहे," आणि फोन ठेवला. लाइन ठणठणीत होती, खोलीभर ऐकू येत होतं. मग तिनं गल्लीतल्या मौलवींना लावला. ते वयानं थकलेले, स्वतः तापातून उठलेले. ते म्हणाले, "आपण ज्या इमामांच्या वाटेनं चालतो त्या वाटेनं पाच वेळा पाजलं तर नातं लागतं. पाच वेगवेगळ्या वेळी, पोटभर."

"म्हणजे चार चालतात."

"अहो, मूल उपाशी आहे ना? ज्यानं एक जीव वाचवला त्यानं सगळ्या माणसांना वाचवलं असं कुराणात आहे, आणि तुम्ही मोजत काय बसलात? पाजा आधी!"

"चार चालतात. अल्ला तुम्हाला बरं करो," सासू म्हणाली आणि फोन ठेवला. मग थोरलीसमोर मांडी घालून बसली, एक जुनी उशी मांडीवर घेतली, दाभणात लाल दोरा ओवला. "हं. पाज."

काडी प्याला. प्याला म्हणजे काय, तुटून पडला. पोट भरल्यावर त्याचं तोंड आपोआप सुटलं आणि सासूनं उशीच्या कोपऱ्यात एक टाका घातला. गादीवाल्यांच्या घरात मोजदाद अशीच व्हायची.

दुसऱ्या वेळी दुसरा टाका. तिसऱ्या वेळी तिसरा. मधल्या वेळात सासू त्याला साखरपाणी पाजून कळ काढायला लावायची. चौथ्या वेळी काडी पिता पिता थोरलीकडे टक लावून बघत होता, आणि थोरली त्याला कात्रीची गोष्ट सांगत होती. चौथा टाका पडला. सासूनं दोरा दातानं तोडला.

"बस."

"बस म्हणजे?"

"गाडी येतेय."

गाडी आली नाही. शेजारणीनं दोरावरून गाईचं दूध दिलं, ते पाणी घालून चमच्यानं पाजलं. त्यानं ते होतं तसं परत केलं. साखरपाणी दिलं, तेही वर आलं. रात्रभर तो रडला. थोरलीच्या छातीतून दूध आपसूक गळत होतं, कुर्ता भिजत होता, आणि ती भिंतीकडे तोंड करून ढब्बीला पाजत होती. सकाळी त्याचं रडणं बारीक झालं. दुपारी थांबलं.

रडणाऱ्या पोराचा घराला वैताग येतो. न रडणाऱ्या पोरानं घर कसं होतं ते थोरलीनं त्या दुपारी पाहिलं. खाली मशीन बंद, गल्ली बंद, आणि पाळण्यात काडी डोळे अर्धे उघडे ठेवून पडलेला. टाळूवरची कातडी खोलगट झालेली. तिनं त्याचा तळपाय चिमटला. त्यानं पाय आखडूनही घेतला नाही.

तिनं त्याला उचललं.

"खाली ठेव," सासू म्हणाली. "गाडी येतेय."

"कालपण येतच होती."

"अगं, दोन पोरांचा संसार मोडतेस तू."

"अम्मा, नवरदेव मरायला टेकलाय, आणि तुम्ही वरात सांभाळताय!"

बोटानं दूध काढून तिनं त्याच्या ओठाला लावलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा त्याची जीभ हलली. मग तोंड. मग कुठून तरी लांबून परत आल्यासारखा तो ओढायला लागला.

"ही पाचवी," थोरली मोठ्यानं म्हणाली. "बघून घ्या, अम्मा. पोटभर पितोय. टाका घाला."

सासूनं डोक्यावरची ओढणी पुढं ओढली. कपाळावरून डोळ्यांवर, डोळ्यांवरून हनुवटीवर. "मी पाहिलं नाही," आतून आवाज आला.

"हातभर लांब बसलाय की तुम्ही!"

"मी पाहिलं नाही."

मग थोरलीनं एका हातानं पोर धरलं, दुसऱ्या हातानं उशी ओढली आणि पाचवा टाका स्वतःच घातला. वाकडा पडला. संध्याकाळी गाडी आली, डबा आला, आणि त्यापुढं काडी डब्याचंच दूध प्याला. सकाळी थोरलीनं बघितलं तर उशीवर टाके चारच. पाचव्याची दोन भोकं तेवढी राहिलेली.

ढब्बीला काही झालं नाही. काडीलाही नाही. साथ ओसरली, दोर सुटले, दोघं भाऊ दाढ्या वाढवून परत आले. सगळ्यात शेवटी धाकटी आली. अंगावरचं मांस गेलेलं, डोक्यावरचे केस गेलेले, आणि दूध पार आटलेलं. तिनं पोराला छातीशी धरलं, त्यानं दोनदा चाचपलं आणि तोंड फिरवून थोरलीकडे झेपावायला लागला.

"कोणी पाजलं याला?" धाकटीनं विचारलं.

"चार वेळा थोरलीनं. नंतर डबा," सासू म्हणाली.

"पाच," थोरली म्हणाली.

धाकटीनं एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. मग बाटली पोराच्या तोंडात दिली आणि थोरलीकडे पाठ करून बसली. "चार पुष्कळ झाल्या, भाभी," ती म्हणाली.

बरं, थोरली काही गप्प बसणारी होती का? तिनं नवऱ्याला सांगितलं, दिराला सांगितलं, शेजारणींना सांगितलं. पाच वेळा पाजलंय, पोरं दूधभावंडं आहेत, सोयरीक विसरा. शेजारणी पदरात तोंड घालून हसल्या. नवरा म्हणाला, "मी तेव्हा शाळेत गाद्या शिवत होतो, मला काय ठाऊक? एक अम्मा म्हणते, एक तू म्हणतेस. अम्मानं आयुष्यात एक नमाज चुकवली नाही. आणि तू..."

"आणि मी काय?"

"तू कात्रीची गोष्ट सांगतेस."

पुढं तर घरात तो विनोदच होऊन बसला. कोणी फुशारकी मारली की दुसरा म्हणायचा, "हे थोरलीच्या पाचव्या वेळेसारखं दिसतंय!" गिऱ्हाइकानं दिलेलं माप चुकीचं निघालं, की पाचवी वेळ. दिरानं मोठा मासा धरल्याचं सांगितलं, की पाचवी वेळ. थोरलीनं मध्ये काही महिने थापा मारणं सोडूनही बघितलं. तर शेजारणी विचारायला आल्या, तब्येत बरी नाही का?

ढब्बीला ती लहानपणापासून सांगायची, "काडी तुझा भाऊ आहे गं."

"हो, आणि मांजर उंदराला विचारायची," ढब्बी म्हणायची.

त्याच तोंडानं दोन्ही सांगितलं होतं. पोरीनं निवडायचं तरी कसं?

काडी मोठा झाला. उंच, वाकलेला, वडिलांसारखाच टाक्याचा हात. थोरलीला 'मोठी अम्मी' म्हणायचा आणि मधल्या जेवणाला हमखास तिच्याच खोलीत यायचा. त्याला मिसरूड फुटलं तेव्हा सासू म्हणाली, "आता त्याच्यासमोर डोकं झाकत जा. दिराचा मुलगा आहे, परका."

"लेकासमोर कोण डोकं झाकतं?"

"लेक कसला?"

"माझ्या दुधाचा."

सगळे हसले. दुसरं कोणीही वर आलं की थोरलीची ओढणी डोक्यावर जायची. काडीच्या पावलांना मात्र ती खांद्यावरच राहायची. लोकांना वाटायचं बाई जरा सैलच आहे. पण तेवढा एकच पुरावा तिच्या हातात उरला होता, आणि तो ती रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मांडायची. कोणी वाचत नव्हतं.

सासू म्हातारी झाली, वाकली, दात गेले, पण मरायचं नाव नाही. नातवाचा निकाह बघितल्याशिवाय जाणार नाही म्हणायची, आणि तिचा शब्द म्हणजे शब्द. शेवटी तारीख धरली. अडचण एवढीच होती, की पोरांनाही ते हवं होतं. जन्मल्यापासून 'तुमचं ठरलंय, तुमचं ठरलंय' ऐकत वाढलेली पोरं. ढब्बीचं शिवणयंत्र सारखं बिघडायचं आणि काडी ते सारखं दुरुस्त करायचा. त्या यंत्राला काहीही झालेलं नसायचं, हे थोरलीला दिसत होतं.

ती मौलवींकडे गेली. जुने कधीच वारले होते. हे नवे, तरुण, शांत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत. हसले नाहीत म्हणूनच थोरलीला तिथल्या तिथं रडू फुटलं.

ते घरी आले. सगळे बसले. सासूला त्यांनी विचारलं, "आजी, किती वेळा?"

"अल्लाची शपथ, मी चारच पाहिल्या."

"पाहिल्या चार, की पाजल्या चार?"

सासूच्या हातातली माळ थांबली. "माणूस पाहिलेलंच सांगणार ना, बेटा?"

मौलवींनी तिच्या माळेकडे पाहिलं. मग म्हणाले, "एकट्या बाईच्या शब्दावर मी हे लग्न हराम ठरवू शकत नाही. पण ज्या घराला अल्लाचं भय आहे, त्यानं एवढ्या शंकेवरही पाऊल मागं घ्यावं. पैगंबरांसमोर असाच एक प्रश्न आला होता. एक बाई म्हणाली, मी दोघांना पाजलंय. त्यांनी त्या माणसाला बायकोपासून दूर व्हायला सांगितलं. आता तुम्ही ठरवा."

ते गेले. जिन्यावरची पावलं खाली पोचतात न पोचतात तोच धाकटी उसळली.

"हिच्या शब्दावर? हिच्या? त्या बाईचं ठीक, पण तिच्या मामाकडे कात्री होती का?"

"धाकटे, कुराणावर हात ठेवून सांगते..."

"नको ठेवूस! तुला माझा मुलगा जावई म्हणून नको आहे, तुला तो मुलगा म्हणून हवाय. पहिल्या दिवसापासून! मी तिकडे तापात मरत होते आणि तू इकडे त्याला आपलासा करत होतीस. चार वेळा पाजलंस ना, उपकार झाले. पाचवी मी मानणार नाही. मेले तरी नाही."

तेव्हा थोरलीला कळलं, की वीस वर्षं ती मोजणीवर भांडत होती आणि धाकटी मोजतच नव्हती. हिच्यासमोर मौलवी आणा, शपथ आणा, उपयोग नाही. खरं हिच्या घशाखाली उतरणारच नाही.

पण थोरलीला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, कारण जन्मभर तिनं तेवढंच केलं होतं. थाप पटायची असेल तर ती ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून अर्धी शिजलेली असावी लागते. धाकटीच्या मनात काय शिजतंय ते आत्ताच तिनं स्वतःच ताटात वाढलं होतं.

थोरलीनं ओढणीनं नाक पुसलं. "बरं," ती म्हणाली. "खरं सांगते. चारच वेळा पाजलं."

"बघा!" तिचा नवरा मांडीवर थाप मारून हसला. "आली ना गाडी रुळावर!"

"पाचव्यांदा नाही पाजलं. पाजायचं नव्हतं." ती धाकटीकडे बघून बोलत होती. "डबाही होता."

"कसला डबा?"

"पावडरचा. साथ यायच्या आधी आणून ठेवलेला. माझ्या कपाटात, कपड्यांच्या खाली. म्हटलं, माझं दूध आटलं तर माझ्या पोरीला काय? म्हणून काढला नाही. दुसऱ्या दुपारी तो निपचित पडला होता, टाळू बसली होती. मी बघत होते. तरी नाही काढला." आणि मग, जन्मभराच्या सवयीनं, तिनं वर एक रंगाचं बोट लावलं. "पिवळं झाकण होतं त्याला."

त्या पिवळ्या झाकणानं काम केलं. थोरलीवर सगळ्या घरानं एका दमात विश्वास ठेवला, तो आयुष्यात पहिल्यांदाच.

"मला वाटलंच होतं," धाकटी म्हणाली. आवाज अगदी खाली, जवळजवळ सुटल्यासारखा. "इतकी वर्षं मला वाटतच होतं."

जिन्याच्या तोंडाशी काडी उभा होता, खांद्यावर खोळीच्या कापडाचा तागा. "मोठी अम्मी, खरं?"

"खरं."

"दादी?" तो सासूकडे वळला. "दादी, डबा होता?"

थोरलीनंही सासूकडे पाहिलं. घरात डबा नव्हता हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. म्हातारीनं तोंड उघडायचं, एवढंच. डबा नव्हता, आणि पोरगं पाचव्या दुधानं वाचलं. एका वाक्यात थोरलीचं नाव धुऊन निघालं असतं.

म्हातारीची बोटं ओढणीच्या काठाला लागली. काठ कपाळावरून डोळ्यांवर आला, डोळ्यांवरून हनुवटीवर.

"मी पाहिलं नाही," ती म्हणाली.

सोयरीक धाकटीनं मोडली, तिथल्या तिथं, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. "या बाईच्या पोटची पोर माझ्या उंबऱ्यात नको!" महिन्याभरात गवंडी आला. दुकानाच्या मधून भिंत गेली. मशीन थोरल्याच्या बाजूला राहिलं, रस्त्याकडचं दार धाकट्याच्या. म्हातारीची खाट भिंतीला लागून, आणि दिवसभर तिला पलीकडून थापीचा आवाज.

"खोटं बोललीस तू," ती एकदा थोरलीला म्हणाली, भाताचा घास तोंडात घेता घेता. भरवायला थोरलीच होती, दुसरं कोण? "अल्लाला काय सांगशील?"

"सांगेन, एक थाप मारली, पोरांना हरामात जाऊ दिलं नाही. तुम्ही काय सांगाल, अम्मा? चार टाके दाखवाल?"

म्हातारीनं घास गिळला नाही. बराच वेळ गालात धरून ठेवला.

ढब्बीनं एकच प्रश्न विचारला. भांडी घासता घासता, मान वर न करता. "अम्मी, तो डबा खरंच होता?"

थोरलीच्या जिभेवर सगळं आलं होतं. पण पोरीला खरं सांगितलं तर पोर ते काडीला सांगणार, काडी आईला, आणि धाकटी परत हसणार, परत तारीख धरणार.

"होता," थोरली म्हणाली.

ढब्बीनं घासलेलं भांडं परत घासायला घेतलं. तेव्हापासून ती आईशी कामापुरतं बोलते. गल्लीतल्या बायका आता धुणं टाकून येत नाहीत. कात्रीची गोष्ट कोणी मागत नाही.

वाटणीतलं शेवटचं सामान न्यायला काडी एकदा वर आला. जिन्यावर पावलं वाजली. तीच, दोन पायऱ्या एकदम घेणारी. इतकी वर्षं त्या पावलांना थोरलीची ओढणी कधी खांद्यावरून हलली नव्हती. आजही हात जागेवरच राहिला होता. मग तिला आठवलं. चारच. तिनं स्वतःच सगळ्यांसमोर चार म्हटलं होतं. चार वेळांनी कोणी कोणाचा मुलगा होत नाही.

तिनं ओढणी डोक्यावर घेतली आणि कपाळापर्यंत ओढली.

काडी दारात थबकला. आपल्याला पाहून तिनं डोकं झाकलेलं त्यानं आजवर कधी पाहिलं नव्हतं. क्षणभर त्याला वाटलं असावं की आपण चुकून दुसऱ्या कोणाच्या घरात आलो. मग त्यानं मान खाली घातली, परक्या बाईसमोर घालतात तशी, आणि कोपऱ्यातला दाभणांचा डबा उचलून निघून गेला.